फाळकेंची पहिली नायिका १३ वर्षांची होती, आणि तिचा सिनेमा बनला होता आपल्या नाशकात

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो. भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री कोण? निम्मी पोरं सांगतात दुर्गाबाई कामत. निम्मी सांगतात कमलाबाई गोखले. एखादा देविका राणी म्हणतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. मग कुणाच्या क्लासच्या नोट्स बरोबर, यावरून रात्री बारापर्यंत भांडण चालतं.

खरं तर भांडायचं कारणच नाही. कारण दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी होत्या. दोघी एकाच सिनेमात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आई झाली पार्वती आणि लेक झाली मोहिनी. सिनेमाचं नाव ‘मोहिनी भस्मासुर’, साल १९१३, दिग्दर्शक दादासाहेब फाळके आणि गाव नाशिक.

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण या दोघी तिथे येऊन उभ्या का राहिल्या आणि पुढे त्यांच्या वाट्याला काय आलं, हे नोट्समध्ये नसतं. खरी गोष्ट तिथेच आहे.

सुरुवात फाळकेंपासूनच करावी लागते.

१९१२ मध्ये फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढायच्या मागे होते. कॅमेरा आला होता, कच्ची फिल्म आली होती, दादरच्या बंगल्यात तयारी चालू होती. अडलं होतं एका गोष्टीवर. तारामतीचं काम करायला बाई मिळत नव्हती. घरंदाज बाया तर सोडाच, ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकलं होतं अशा बायकांच्या वस्तीतही फाळके जाऊन आले. तिथूनही नकार आला. सिनेमात काम करणं म्हणजे त्याहूनही खालची पायरी, असा तेव्हाचा हिशोब होता.

शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. नाजूक अंगकाठी, हात बारीक. हॉटेलात त्याला महिना १० रुपये मिळायचे, फाळकेंनी १५ देऊ केले आणि तारामती ठरली. राजवाड्यातल्या दासीसुद्धा पुरुषच. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिला असेल, तर मिशा काढायला तयार नसलेल्या त्या नटांचा गोंधळ आठवत असेलच.

तेव्हाच्या प्रेक्षकाला यात काही वावगं वाटलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. मराठी रंगभूमीवर बाईचं काम पुरुषानेच करायचं हा रिवाज होता आणि तो नुसता रिवाज नव्हता, वेड होतं. बालगंधर्वांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली ती याच १९१३ साली. त्यांचं पाहून बायका साड्या नेसायच्या, केसात फुलं माळायच्या. पुरुष इतका सुंदर बाई होत असताना बाईला कोण विचारतो?

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. हातात चार पैसे आल्यावर फाळकेंनी मुंबईतला पसारा आवरला आणि कुटुंबकबिल्यासकट नाशिक गाठलं. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे हा घराकडे परतण्याचाच प्रकार. शिवाय पौराणिक सिनेमाला लागणारं सगळं इथे फुकट होतं. नदी, घाट, देवळं, डोंगर आणि भरपूर ऊन. तेव्हा शूटिंग विजेच्या दिव्यांवर नव्हे, उन्हावर चालायचं.

आम्ही नाशिक रोडची पोरं. बाहेरच्यांना वाटतं की स्टेशन, प्रेस आणि मुक्तिधाम एवढ्यावर आमचं गाव संपतं. १९१३ मध्ये यातली प्रेसही नव्हती आणि मुक्तिधामही नव्हतं, पण स्टेशन होतं. मुंबईहून किंवा पुण्याकडून नाशकाला येणारा रेल्वेने यायचा तर इथेच उतरायचा. गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर लांब. तिथवर घोड्यांची ट्राम चालायची. आज त्याच रस्त्यावर द्वारकेच्या सिग्नलला अर्धा तास अडकून पडल्यावर त्या ट्रामची फार आठवण येते, पण तो विषय वेगळा.

दुसरा सिनेमा करताना फाळकेंनी पुन्हा बाईचा शोध सुरू केला. या वेळी त्यांना दुर्गाबाई कामत भेटल्या.

दुर्गाबाईंचं लग्न मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या एका प्राध्यापकाशी झालं होतं. १९०३ च्या सुमारास ते मोडलं. पदरात तीन वर्षांची मुलगी. त्या काळी नवऱ्याला सोडून आलेल्या बाईपुढे पोट भरायचे मार्ग किती होते? लोकांच्या घरची धुणीभांडी किंवा स्वयंपाक. नाहीतर शरीर विकणं. दुर्गाबाईंनी तिसरा मार्ग धरला आणि त्या नाटक कंपनीत शिरल्या.

आज हे वाचायला सोपं वाटतं. तेव्हा नाटकात गेलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई यात लोक फरक करत नसत. नातेवाइकांनी, जातीने त्यांना बाहेर काढलं. ज्या रंगभूमीवर पुरुष बाई झाला की त्याला टाळ्या मिळायच्या, तिथेच खरी बाई उभी राहिली की तिला घर तुटायचं.

कमलाचा जन्म ६ सप्टेंबर १९०० चा. आईबरोबर तीही कंपनीच्या बिऱ्हाडात वाढली. आज या गावी, उद्या त्या गावी, पेट्या बांधायच्या, पेट्या सोडायच्या. शाळा अशी नाहीच. चार-पाच वर्षांची असल्यापासून ती स्टेजवर उभी राहू लागली. लिहिणं, वाचणं, गाणं, नाचणं, नक्कल पाठ करणं, जे काही शिकली ते आईकडून आणि कंपनीत.

त्या ज्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होत्या, ती गोखले बंधूंची. स्त्रीपात्रासाठी खऱ्या बाईला घेणाऱ्या तेव्हाच्या थोड्या कंपन्यांपैकी ती एक. त्यामुळे फाळकेंना ज्या बाया सापडल्या, त्यांना लोकांसमोर उभं राहायची सवय होती आणि समाजाने जे काही करायचं ते त्यांचं आधीच करून झालं होतं. गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मला वाटतं, फाळकेंना हवी असलेली हिंमत मुंबईत सापडली नाही आणि इथे सापडली, त्याचं कारण हेच. धाडसाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, पण त्या धाडसाच्या तळाशी पोटाची अडचण होती.

आता सिनेमाकडे येऊ.

भस्मासुराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेन तो भस्म होईल, असा वर तो शंकराकडून मिळवतो आणि मग शंकराच्याच मागे लागतो. विष्णू मोहिनीचं रूप घेतो आणि नाचायला लागतो. भस्मासुर भाळून तिच्यासारख्याच मुद्रा करत जातो. नाचता नाचता मोहिनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो, आणि खेळ संपतो.

यात एक गंमत आहे. मोहिनी म्हणजे बाईच्या रूपातला पुरुष देव. सगळे पुरुष बायकांची कामं करत होते त्या काळात पडद्यावर पहिल्यांदा खरी मुलगी आली, आणि तिला काम मिळालं ते बाई झालेल्या पुरुषाचं. फाळकेंच्या मनात असं काही असेल असं वाटत नाही. पण योगायोग म्हणून भारी आहे.

मूकपट म्हणजे आवाज नाही. कमलाचं जे भांडवल होतं, गळा आणि पाठांतर, त्यातलं काहीही इथे चालणार नव्हतं. संगीत नाटकात पद सुरू झालं की नट जागेवर उभा राहतो आणि वन्समोअर घेतो. इथे हात हवेत, मान हवी, डोळे हवेत. त्यातून कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालवायचा, म्हणजे फिरवणाऱ्याचा वेग आणि नाचणाऱ्याचा वेग जुळला पाहिजे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, तो काळा उमटायचा. कपाळावरचं कुंकूसुद्धा पडद्यावर काळा ठिपका. समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, चुकलं तर सावरायला पेटीवाला नाही. १३ वर्षांच्या पोरीने हे सगळं पहिल्यांदा केलं, आणि तिच्या आधी केलेलं पाहून शिकावं अशी एकही बाई देशात नव्हती.

या सगळ्याच्या मागे आणखी एक बाई राबत होती, तिचं नाव प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. फाळकेंच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि एवढं करून सगळ्या कंपनीचं जेवण. म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’ तीन बायकांनी उभा केला असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

१९१३ सरता सरता सिनेमा तयार झाला. त्याच्यासोबत ‘पिठाचे पंजे’ नावाची एक छोटी विनोदी फिल्मही दाखवली जायची. पुढे १९१४ मध्ये फाळके लंडनला गेले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘सत्यवान सावित्री’ बरोबर ‘मोहिनी भस्मासुर’ही त्यांच्या सामानात होता. नाटक कंपनीच्या बैलगाडीतून फिरणाऱ्या मुलीचा नाच लंडनच्या लोकांनी पडद्यावर पाहिला.

इथे तुम्हाला वाटेल की दार उघडलं, आता बायकांची रांग लागली असेल. तसं झालं नाही.

१९१७ मध्ये फाळकेंचा ‘लंकादहन’ आला. तुफान चालला. त्यात सीता कोण होती? अण्णा साळुंके. आणि राम? तोही अण्णा साळुंकेच. एकाच माणसाने नवरा-बायको दोन्ही कामं केली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळकेंची छोटी मुलगी मंदाकिनी दिसली, पण ती कृष्ण झाली होती. म्हणजे मायलेकींनी दार उघडलं खरं, पण त्या बाहेर पडल्यावर ते पुन्हा लोटलं गेलं. पडद्यावर बायका ठळकपणे दिसू लागल्या त्या १९२० नंतर. पुण्यात जन्मलेली, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून आलेली रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांची सगळ्यात मोठी स्टार झाली. १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी तर स्वतःच सिनेमा दिग्दर्शित केला. मोटारी, बंगले, मासिकांमधले फोटो, हे सगळं या नंतरच्या बायकांना मिळालं.

कमलाबाई तेव्हा कुठे होत्या? नाटकात. मोहिनी झाल्यावर त्या परत आपल्या कंपनीत गेल्या होत्या. कारण सिनेमा म्हणजे एक काम होतं, झालं, संपलं. रोजचा भात नाटकावर शिजत होता.

पुढे कंपनीच्या गोखल्यांपैकीच रघुनाथराव गोखल्यांशी त्यांचं लग्न झालं. त्यांचा मुलगा चंद्रकांत १९२१ मध्ये मिरजेला जन्मला. हेच पुढचे ज्येष्ठ अभिनेते चंद्रकांत गोखले. त्यांच्याशिवाय लालजी आणि सूर्यकांत ही दोन मुलं, दोघंही पुढे तबल्यात गेले.

पण हा संसार फार टिकला नाही. कमलाबाई पंचविशीच्या आसपास असताना रघुनाथराव गेले.

जरा विचार करा. १९२५ च्या आसपासचा महाराष्ट्र. विधवा बाईने आतल्या खोलीत राहावं, लोकांच्या नजरेला पडू नये, रंग-फुलं-दागिने यांचं नाव काढू नये. आणि या बाईचा धंदाच असा की तोंडाला रंग लावून, दागिने घालून शेकडो लोकांसमोर उभं राहायचं. घरात तीन पोरं. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिथे तिची आई उभी होती, त्याच जागी आता ती उभी होती. फरक इतकाच की दुर्गाबाईंना मार्ग शोधावा लागला होता, लेकीला तो ठाऊक होता.

कमलाबाई काम करत राहिल्या. नाटकं केली, मूकपट केले, बोलपट आल्यावर त्यातही गेल्या. इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलायला लागला आणि मूकपटातल्या अनेक नट्यांची पंचाईत झाली. कुणाला हिंदी येईना, कुणाला गाता येईना. खुद्द सुलोचनालाही भाषा पक्की करायला थांबावं लागलं. कमलाबाईंना ही अडचण आली नाही. गाणं आणि संवाद हीच त्यांची मूळची शिदोरी होती.

सगळे मिळून सुमारे ३५ सिनेमे त्यांच्या नावावर आहेत. त्यातल्या बहुतेकांमध्ये त्या पोस्टरवरची हिरोईन नव्हत्या. आई, सासू, शेजारीण, जे येईल ते. शेवटचा सिनेमा १९८० चा ‘गहराई’, विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा. श्रीराम लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे असलेला हा भुताखेतांचा सिनेमा आजही हॉरर फॅन लोक शोधून पाहतात. कमलाबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. १९१३ ते १९८०, म्हणजे ६७ वर्षं.

मुलांच्या वाट्यालाही तेच आलं. चंद्रकांत गोखल्यांना रीतसर शाळा मिळाली नाही, लिहिणं-वाचणं आईने घरी शिकवलं आणि अगदी लहान वयात ते स्टेजवर गेले. ज्या पद्धतीने दुर्गाबाईंनी कमलाला वाढवलं, त्याच पद्धतीने कमलाने चंद्रकांतला. त्यांचा मुलगा विक्रम गोखले. ‘अग्निपथ’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘नटसम्राट’ मधले. ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सगळ्या चॅनेलवर त्यांच्या घराण्याची चार पिढ्यांची परंपरा सांगितली गेली. परंपरा हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. तिची सुरुवात मात्र नवऱ्याचं घर सुटलेल्या एका बाईपासून आणि तिच्या तीन वर्षांच्या पोरीपासून आहे.

आता जी गोष्ट मला खरंच खटकते ती.

सरकारने १९६९ पासून दादासाहेब फाळके पुरस्कार द्यायला सुरुवात केली. सिनेमातला देशातला सर्वोच्च मान. पहिला मिळाला देविका राणींना. १९७३ चा सुलोचना म्हणजे रूबी मायर्स यांना. १९७६ चा कानन देवींना. १९८३ चा आपल्या दुर्गा खोटेंना. १९८९ चा लता मंगेशकरांना. या सगळ्या वर्षांत कमलाबाई हयात होत्या. खुद्द फाळकेंच्या कॅमेऱ्यासमोर नाचलेली, त्यांची पहिली नायिका जिवंत होती आणि फाळकेंच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी दुसऱ्या कुणाला तरी जात होता.

यावर कुणी म्हणेल की हा पुरस्कार सिनेमातल्या आयुष्यभराच्या मोठ्या कामासाठी असतो, आणि कमलाबाईंचं खरं काम नाटकात होतं. मुद्दा खोटा नाही. सुलोचना किंवा दुर्गा खोटे यांच्या कामाचा पल्ला मोठा होता आणि त्यांचे पुरस्कार योग्यच होते. पण पहिल्या माणसाचं मोजमाप त्याने नंतर किती सिनेमे केले यावर करायचं असेल, तर मग पहिलं असण्याला अर्थ काय? आणि ही बाई नंतर सिनेमात टिकली नाही ती टिकता आलं नाही म्हणून नव्हे. १९१३ मध्ये टिकावं असं सिनेमात बायकांसाठी काही नव्हतंच.

आज तिचं काम पाहायचं म्हटलं तरी हाती फार लागत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले अगदी थोडे वाचले. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची. जी जळली नाही ती सडली, आणि कित्येक रिळं तर त्यातली चांदी काढायला वितळवली गेली. ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे उरले. ‘कालिया मर्दन’मधली मंदाकिनी दिसते. ‘मोहिनी भस्मासुर’ मात्र सलग पाहायला मिळत नाही. यूट्यूबवर कमलाबाईंच्या नावाने जे व्हिडिओ फिरतात, त्यात एकच जुना फोटो पाच मिनिटं झूम होत राहतो.

पण एक गोष्ट वाचली, आणि ती सिनेमाच्या शंभरीचे कार्यक्रम करणाऱ्यांमुळे नाही. १९९० च्या आसपास रीना मोहन नावाच्या एडिटरने कमलाबाईंवर माहितीपट करायचं ठरवलं. तिचा हा पहिलाच सिनेमा. नाव साधं, ‘कमलाबाई’. त्याला पदार्पणातल्या माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पाऊण तासाचा आहे. कुठे लागला तर नक्की पाहा. त्यात नव्वदीला टेकलेली एक बाई पुण्यातल्या आपल्या घरात वावरताना दिसते. शरीर थकलेलं, पण नाटकांतले उतारे डोक्यात शाबूत. बोलता बोलता ती मध्येच एखादी भूमिका करायला लागते, आणि कॅमेरा तिच्या मागे धावतो.

त्यानंतर काही वर्षांनी, १९९० चं दशक संपत येताना कमलाबाई गेल्या. नव्वदी कधीच पार केली होती.

नाशकात पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. रविवारी तिथे कॉलेजची पोरं रील्स काढायला येतात. बऱ्याच रील्समध्ये एखादी मुलगी मोबाईल स्टँडवर लावते, दोन पावलं मागे जाते आणि कुणी ओळखीचं बघतंय का याकडे न पाहता नाचायला लागते.